शोषखड्ड्याजवळची भिंत

३ फेब्रुवारी

ताईच्या खोलीचं दार लागत नाहीये! परवापर्यंत नीट लागायचं, आज खाली घासतं. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, आमच्याच कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. म्हणाली, "लाकूड फुगलं असेल गं." या कोरड्या हवेत? खिडकीखाली भेग आहे. माझी करंगळी आत गेली.

४ फेब्रुवारी

बाहेरून जाऊन पाहिलं. त्याच भिंतीला खेटून आमचा शोषखड्डा. पोरींच्या आंघोळीचं सगळं पाणी त्यात सोडतो, जमिनीत जिरावं म्हणून. पाणी समितीची प्रमुख मी. जागा मागितली होती मैदानापलीकडची. पण प्राचार्य म्हणाले, "फाटकातून दिसला पाहिजे, पाहुणे येतात." मग काय! इथेच खणला. वर फलक, कुंड्या, भोवती फरशी.

आज त्या फरशीवर टाच आपटली. पोकळ वाजली! म्हणजे पाणी नुसतं जिरत नाहीये, खालची माती घेऊन चाललंय. भिंतीच्या आत ओळीने पोरींच्या खाटा आहेत. मला जेवण गेलं नाही.

५ फेब्रुवारी

प्राचार्यांना सांगितलं, वसतिगृह रिकामं करा. हसले. "मॅडम, तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या. झाडं सांभाळा, भिंती आम्ही बघतो." पुढच्या आठवड्यात तपासणीचे पाहुणे, तोवर कुणी चकार शब्द काढायचा नाही म्हणे. अस्सा राग आला!

७ फेब्रुवारी

भेगेत आता दोन बोटं जातात.

ताईला सगळं सांगितलं. तिने उठून भेग पुन्हा चाचपली. मग म्हणाली, "आंघोळीला पाणी नाही म्हटलं ना, की पोरी आपोआप बॅगा भरतात बघ." पंपघराची किल्ली माझ्याकडेच असते. वसतिगृहाचा व्हॉल्व्ह बंद केला, मोटर जळाली म्हणून सांगितलं. पाणीही थांबेल, पोरीही जातील. कुणी काही विचारायच्या आत तिथून सटकले. खोटं बोलायची सवय नाही ना!

८ फेब्रुवारी

बऱ्याच पोरी घरी गेल्या. एकीने जाता जाता तोंडावर सुनावलं, "पाणी वाचवा, पाणी वाचवा करत सगळंच वाचवलंत की मॅडम!" मनात म्हटलं, बाई, काय हवं ते बोल, पण आधी नीघ इथून. उरलेल्या उद्या जातील, असं ताई म्हणते. मग तीही माझ्याकडे राहायला येणार. आज जरा झोप लागेल.

९ फेब्रुवारी

झालं! मुसळ केरात. पोरी घरी चालल्याचं प्राचार्यांना कळलं. पाहुण्यांना रिकामं वसतिगृह दाखवायचं का, म्हणून फाटकावरच पोरींना अडवलं. "एकही मुलगी जाणार नाही. उद्या सकाळी टँकर मागवलाय." म्हणजे आजही पोरी त्याच भिंतीला लागून झोपणार. ताईला म्हटलं, खाटा तरी मधे ओढून घे. "घेते गं, तू रडू नकोस आधी." मी रडत होते?

१० फेब्रुवारी

भिंत उभी आहे. प्लॅस्टरचा टवकासुद्धा उडालेला नाही.

टँकरवाल्याने पाइप पोचावा म्हणून गाडी भिंतीलगत घेतली. भरलेला टँकर, त्या फरशीवर! त्याच्या वजनाचा विचारच आला नाही माझ्या मनात. भिंत, भिंत करत बसले. पोरी बादल्या घेऊन यायच्या होत्या अजून. ताई तेवढी पुढे उभी होती, रांग लावायला. जमीन एकदम खाली गेली, ताईसकट.

ती शुद्धीवर नाही. पाणी कुणी बंद केलं, ते फक्त तिला माहीत आहे. तिला शुद्धीवर येऊ दे. डोळे उघडून सगळ्यांदेखत माझं नाव घेऊ दे. पण बोलू दे!