एक गाय, दोन नोंदी

गुनुंगकिदुल, १० सप्टेंबर २०१२

चि. सुमिनीस बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ईद झाल्यापासून लिहीन लिहीन म्हणतोय, महिना होत आला. रागावू नकोस. फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि हे बोलणं शेजाऱ्याच्या अंगणात ओरडून करण्यासारखं नाही.

इकडे तळी आटली. पेंढा खालच्या खोऱ्यातून ट्रकने विकत येतो. गोठ्यातली गाय सहा महिन्यांची गाभण आहे. तुला ठाऊकच आहे, गाय पाक जुमादींची, राबणं माझं. पहिलं वासरू त्यांनी नेलं, आता पोटात आहे ते माझं.

झोप उडाली आहे ती वेगळ्याच गोष्टीने. गेल्या वर्षी सरकारी माणूस गुरं मोजायला आला, तेव्हा मी गाय माझी म्हणून सांगितली. गोठा रिकामा लिहिला तर औषधपाणी मिळणार नाही, असं वाटलं. नंतर कळलं, पाक जुमादींनी त्यांच्या घरी तीच गाय लिहवली, म्हणजे एकच गाय दोनदा मोजली गेली. आता त्या मोजणीवरून रेडिओवर सांगतात, देशात गुरं पुरेशी आहेत, बाहेरून कमी आणायची. आपल्या गावातच असे वाट्याचे चाळीस गोठे आहेत. सगळ्यांनी माझ्यासारखंच केलं असेल तर? तिकडे शहरात मांस महागलं ते माझ्यामुळे तर नाही ना? तुझा गाडा कसा चाललाय?

तुझा बाप,
तुकिरान

बेकासी, २२ सप्टेंबर

ती. बाबांना सलाम. वि. वि.

पत्र वाचून मी आणि तुमचा जावई गियांतो पोट धरून हसलो. बाबा, तुमच्या एका गाईने देश उपाशी राहत नाही. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका.

गाड्याचं मात्र खरं सांगते. मांसाचा भाव दर आठवड्याला चढतो. बाक्सोच्या रश्शातले मांसाचे गोळे लहान केले, तर समोरचा रिक्षावाला म्हणाला, वाडग्याबरोबर भिंगही देत जा ताई. कोंबडी मिसळली, तर जुनी गिऱ्हाइकं तुटली. गंमत बघा, तुमच्याकडे गुरांना भाव आला की माझं पातेलं रिकामं.

गियांतो म्हणतो, गाडा विकू, गावी जाऊ, बाबांच्या वासरापासून सुरुवात करू. मला हा गाडा सोडवत नाही, अकरा वर्षं झाली. पण पुढच्या महिनाअखेरपर्यंत ठरवावं लागेल. तुम्ही म्हणाल तसं. आईचे गुडघे कसे आहेत?

तुमची,
सुमिनी

गुनुंगकिदुल, ३ ऑक्टोबर

चि. सुमिनीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी पाक जुमादी व्यापाऱ्याला घेऊन आले. इतका भाव पुन्हा येणार नाही, आणि पेंढा घालून घालून दोघंही बुडू, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नाही. मी म्हटलं, गाभण गाय कापायची नाही असा कायदा आहे. व्यापारी म्हणाला, मग कायद्यालाच वैरण घालायला सांगा, आजोबा. मी म्हटलं, पोटातलं माझं आहे. त्यावर पाक जुमादी खाली बघून म्हणाले, “तुकिरान, वासरू जन्मून डोळ्यांना दिसलं असतं तर दिलं असतं रे.”

चाळीस वर्षांची ओळख आहे. मी दावं सोडून दिलं. व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढताना गाय अडली, तेव्हा मलाच पुढे होऊन तिला चुचकारावं लागलं. दुसऱ्या कुणाचं ती ऐकत नाही.

माझ्या वाट्याचे पैसे गियांतोच्या नावाने टपालाने पाठवले आहेत. त्याला सांग, इथे सुरुवात करायला आता काही नाही. गाडा विकू नका. तुझी आई म्हणते, थोडे दिवस कोंबडी चालू दे, गिऱ्हाईक परत येतं. तिचे गुडघे तसेच आहेत.

ट्रक तुमच्याच बाजूला गेला. एखाद्या दिवशी बाजारात मांस जरा स्वस्त मिळालं, तर कुठून आलं ते विचारत बसू नकोस, घे.

मुलीची माया आहे तशीच राहू दे. गाडा लागला की नाही, तेवढं लगेच कळव. पोस्टमन सोमवारी आणि गुरुवारी येतो, मी वाटेवर बसलेला असतो.

तुझा बाप,
तुकिरान