माझी डोलणारी मान

कॉव्हेंट्री, मंगळवार संध्याकाळ

ही मान. आज तिनेच घोटाळा केला.

आमच्या संशोधनातली जर्मन शब्दांची चाचणी द्यायला इनग्रिडबाई आल्या होत्या. जर्मनीहून इथे येऊन आयुष्य गेलं त्यांचं. नवरा गेल्यापासून घरात जर्मन बोलायला कोणी नाही. "केटलशी बोलते," म्हणाल्या. आपली भाषा गेली की काय, हीच धास्ती.

पाच शब्दांतला एक खरा, बाकीचे मी रचलेले. खऱ्यावर बोट ठेवायचं. समोर मी निर्विकार बसायचं. पण बोट बरोबर पडलं की माझी मान डोलायची, गाणं ऐकताना डोलते तशी. त्यांनी ते हेरलं आणि माझ्याकडेच बघू लागल्या.

"पेपर बाद," सहकारी अंके हसली. "उत्तरं तुझ्या मानेनंच दिलीत."

आता त्या पुन्हा कशाला येतील? भीतभीत फोन केला, दुसरा संच सोडवाल का?

"येते की. अजून एक दुपार जर्मनमध्ये. पण तू माझ्या पाठीमागे बस."

मग त्यांचं पहिलं पान काढलं. ते सोडवताना त्या खाली बघूनच वाचत होत्या, माझी मान दिसलीच नव्हती. सगळं बरोबर. पण दुसरा संच होईपर्यंत सांगता येणार नाही त्यांना.

एकटीच बसून मान डोलावली.