सुकरीने माझा हात का मोडला, आणि माझ्या घराची वाटणी

मी, गोकुळा इस्तारी नान्हे, वय वर्षे सदुसष्ट, धंदा व्हिडिओ गेमचे दुकान आणि टीव्ही दुरुस्ती, राहणार एसटी स्टँडच्या मागे, कुरखेडा, जिल्हा गडचिरोली, स्वखुशीने लिहून ठेवते ते असे. मोतीबिंदू माझ्या डोळ्यात आहे, डोक्यात नाही. छातीच्या दुखण्यासाठी मला पुढच्या महिन्यात नागपूरला नेणार आहेत. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही, म्हणूनच मी काळजी घेते आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तसा दबाव आणणारा माणूस या मोहल्ल्यात अजून जन्मायचा आहे. मी नववी पास असून अक्षर माझेच आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. घराची जागा माझ्या नावावर असून बांधकाम माझ्या कमाईतून झाले आहे. दुकानाची पुढची खोली आणि मधली खोली मुलगा निकेश यास द्यावी. पोस्टातली रक्कम मुलगी भाग्यश्री हिची. या कागदाप्रमाणे सगळे होते की नाही हे तिनेच पाहावे, कारण निकेश प्रेमळ आहे पण विसराळू आहे.

२. दुकानातले व्हिडिओ गेमचे मशीन निकेशला. माझ्या मालकांनी ते १९९९ साली चंद्रपुरातून जुने विकत घेऊन ट्रकमध्ये धानाच्या तणसावर ठेवून आणले. पाच वर्षांनी मालक गेले. दोन लेकरे आणि हे मशीन मागे राहिले. त्या मशीनने आम्हाला जेवू घातले, शिकवले, भाग्यश्रीचे लग्न लावले. त्याला भंगार म्हणायचे असेल तर माझ्या तेराव्यानंतर म्हणावे.
निकेश, ते भंगारात द्यायचे झालेच तर आधी जाणत्या माणसाकडून पिक्चर ट्यूबमधला साठलेला करंट उतरवून घे. मशीन बंद असले तरी तो आत बसलेला असतो. भंगारवाल्यालाही लेकरेबाळे असतात.

३. माझे मीटर, सोल्डर गन आणि पेचकस चंद्रपूरच्या श्रीहरीभाऊ मेकॅनिकची मुलगी रीता हिला पाठवावेत. श्रीहरीभाऊ आता नाहीत. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नाही, पण माझ्या आईबापानंतर मी कोणाचे नाव घेत असेन तर त्यांचे.
मालक गेले त्याच वर्षी मशीनचे चित्र गेले. पडद्यावर मधोमध एकच आडवी पांढरी रेघ उरली, बाकी सगळा अंधार. मेकॅनिक बोलवायची ऐपत नव्हती. मशीनच्या पावतीवर श्रीहरीभाऊंचा नंबर होता, शेजारच्या एसटीडीवरून त्यांना फोन लावला आणि म्हटले, "भाऊ, मशीन मेली." ते म्हणाले, "बाई, तुम्हाले काय वाटते ते नका सांगू. पडद्यावर काय दिसते ते सांगा." मी रेघेचे सांगितले. "मंग मेली नाई ना. रेघ हाय म्हणजे जीव हाय. आतमंधी कुठीतरी डाग सुटला असन."
मग त्यांनी मला शिकवले. मशीनसमोर आरसा ठेवायचा, म्हणजे मागे बसून पडदा दिसतो. बांबूच्या कोरड्या काडीने एकेक जोड हलके टोचायचा. ज्या जोडाला टोचताच चित्र उघडते तो दोषी. मग वायर काढायची, ट्यूबचा करंट उतरवायचा आणि त्या जोडाला सोल्डरचा नवा डाग द्यायचा. मशीन चालू असताना एकच हात आत, दुसरा पाठीमागे. आणि जवळ सुकी काठी घेऊन दुसरे माणूस. चार वेळा दुकानातून फोनकडे आणि फोनवरून दुकानात पळाले. चौथ्या वेळी रेघेची चादर झाली, चादरीत रंग आले. मी फोनवर रडले, तर ते म्हणाले, "रडा, पण बाजूले होऊन रडा. पाणी पडन आतमंधी."
पुढे कोरची-धानोऱ्यापर्यंतचे टीव्ही माझ्याकडे येऊ लागले. भाऊंनी शिकवण्याचे काही घेतले नाही. दर दिवाळीला मी मोहफुलांचे लाडू पाठवत असे, तेवढेच.

४. वरील कामाचा मोठा आरसा शेजारीण शकुबाई हिला. मी तो विकत आणला तेव्हा "नवरा गेला आन् हिले आरसा सुचला" असे तिने नळावर सांगितले होते. आरसा चांगला आहे. तिने तो रोज वापरावा.

५. मागची खोली, परसदार आणि तिथले शेवग्याचे झाड सुकरी कोलू हलामी हिला. ती माझ्या नात्यातली नाही, जातीतली नाही. बारा वर्षे माझ्याकडे राहते. निकेशने तिला काढू नये.

६. आता खुलासा. काय वाटते ते सोडून काय दिसले तेवढे सांगते.
२०१३ सालच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेतलेली पोरे दुकानाबाहेर खोळंबली होती आणि मशीनवर पुन्हा रेघ आली. त्याआधी मला एकदा झटका बसला होता, तेव्हा निकेशने बजावले होते, "आई, त्या डब्याच्या आत हात घालशीन त मी घरी येणार नाई." त्या दिवशी तो सणासाठी आलेला होता आणि नदीवर गेला होता. मी घाईने मशीन उघडले. सुकरी तेव्हा माझ्याकडे कामाला यायची. तिला काठी घेऊन उभे केले. काडीने जोड टोचता टोचता माझा पाठीमागचा हात कधी पुढे येऊन लोखंडी चौकटीवर टेकला ते कळले नाही. करंटने मला धरले. ओरडता येईना. सुकरीने सागाची सुकी काठी माझ्या हातावर हाणली. हात सुटला, हाड मोडले, मी वाचले.
तेवढ्यात निकेश दारात आला. त्याने काय पाहिले? आई जमिनीवर आणि सुकरी काठी उगारून उभी. त्याने तिला ढकलून बाहेर काढले. संध्याकाळी मोहल्ल्याची बैठक बसली. मोहल्ल्यातले जाणते दादाजी भोयर यांनी निवाडा दिला की सुकरीने माझे पाय धरावेत आणि पुन्हा या घराची पायरी चढू नये. तिने माझे पाय धरले. माझा हात झोळीत होता. मी जमिनीकडे पाहत राहिले.
प्लास्टर निघाल्यावर मी तिला तिच्या गावाहून परत आणले आणि मागची खोली दिली. मोहल्ल्यात माझ्या मोठ्या मनाची वाहवा झाली. ती मी ऐकून घेतली, बारा वर्षे. सुकरीने मला मारले नाही, तिने मला जगवले. ज्या हाताने हे लिहिते आहे तो तिच्यामुळे आहे.

७. वरील सहा कलमे बुधवारी लिहून झाल्यावर मी ती सुकरीला वाचून दाखवली. मला वाटले, ती खूश होईल. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "बाई, हे कवा वाचतीन?"
"मी मेल्यावर."
"तवा मले काय त्याचं? लोक म्हणतीन, बुढी सठ्यावली होती, काईबाई लिवून गेली. जित्ती हायेस तवर बोल ना."
मग तिने विचारले, "दादाजीभाऊ अंगठा मारते का याच्यावर?" मी म्हटले, ते साक्षीदार म्हणून सही करतील. "मंग त्याच्या बाजूले माया बी अंगठा पायजे. तवा मले कोणी एक शब्द नाई इचारला."
मी सांगितले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, खोली हातची जाईल. ती म्हणाली, "जाऊ दे. खोडून टाक."
म्हणून कलम ५ मी स्वतः खोडले असून तिथे माझी छोटी सही आहे. मागची खोली मी सुकरीला माझ्या जिवंतपणी बक्षीसपत्र करून देणार आहे. हे सगळे मी येत्या रविवारी मोहल्ल्यासमोर वाचणार आहे, तेव्हा हे वाक्य ऐकून ती भांडेल. भांडू दे.

८. हे शेवटचे कलम आज रविवारी, वाचन झाल्यावर सर्वांसमोर लिहीत आहे.
सकाळी दुकानात सोळा माणसे जमली. मी उभी राहून सगळे वाचले. शकुबाई आरशाच्या कलमाला हसली आणि सहाव्याला पदर तोंडाला लावून बसली. दादाजीभाऊंनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मग म्हणाले, "चुकलं आमचं, सुकरीबाई." सुकरीने मान हलवली, एवढेच.
निकेश सुकरीकडे वळला. मग म्हणाला, "मावशी, तुमी तवाच काऊन नाई सांगितलं? म्या तुमाले ढकललं, तरी बी नाई बोलले."
सुकरी म्हणाली, "तुई माय खाली पडली होती. पह्यला शब्द हाच निंगाला तिच्या तोंडातून, पोराले नको सांगू, तो घरी येणार नाई मंग. म्या हो म्हटलं."
हे मी कलम ६ मध्ये लिहिले नव्हते. खुलासा करतानाही एवढे मी झाकून ठेवले होते. सुकरीचे शब्द जसेच्या तसे वर लिहिले आहेत आणि ते खरे आहेत.
निकेश उठला, शाईचा पॅड घेऊन आला आणि तिच्यासमोर खाली बसून त्याने तिचा अंगठा धरला.

लिहून देणार: गोकुळा इस्तारी नान्हे (सही)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर केली:
१. दादाजी भोयर (सही). सर्व ऐकले. माझा २०१३ चा निवाडा चुकीचा होता.
२. सुकरी कोलू हलामी (डाव्या हाताचा अंगठा). सांगते ते लिहा म्हणाली, म्हणून लिहिले: "आता इचारलं, म्हणून सांगतलं."

ठिकाण: कुरखेडा, दुकानात, दार उघडे ठेवून
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५