शकूला बोलवा

प्रिय मनू,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण माझा फोन आता माझा राहिलेला नाही. जरा वेळ तो लागला नाही तर कुणीतरी दारात येऊन उभं राहतं, "शकू, फोन कुणाशी चाललाय? कुणाला काय झालं तर?" शिवाय बोलत असले की सासूबाई तांदूळ निवडायला नेमक्या माझ्याच शेजारी येऊन बसतात. म्हणून लिहिते आहे. शेखर कामाला वाशिंदला जाताना पाकीट टपालात टाकणार आहे. नवरा असला तरी मी ते चिकटवूनच दिलं आहे.

वाहतं रक्त थांबवायला शिकवायचं म्हणून तू तुझ्या संस्थेच्या गाडीतून रबराची मांडी घेऊन आमच्या गावात आलीस, तो दिवस मला अजून दिसतो. देवळासमोर तू सगळं करून दाखवलंस. जखमेत कापड कसं कोंबायचं, तळव्यांवर अंगाचा भार कसा टाकायचा, पट्टा जखमेच्या वर बांधून त्याची दांडी कशी पिळायची. रबरातून लाल पाणी आलं तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि पुरुष फोटो काढत होते. हात पुढे केला तो मी एकटीने. तोही तू माझी कॉलेजची मैत्रीण, तुझा मान राहावा म्हणून. जाताना तू पट्ट्याची पिशवी माझ्या हातात दिलीस, आणि ती आमच्या ओटीवरच्या खुंटीला लागली.

आमच्या गावातल्या महादूचं तुला कळलंच होतं. गवत कापायच्या मशीनचं पातं तुटून त्याच्या मांडीत शिरलं, आणि शहापूरहून दवाखान्याची गाडी येईपर्यंत मी बांधलेल्या पट्ट्याने त्याला धरून ठेवलं. तुला कळलं नाही ते त्यानंतरचं. गावाने मला शाल दिली, नारळ दिला. एस.टी.च्या थांब्यावर फलक लागला, त्यावर माझं नाव आणि नंबर. तेव्हा मला खरंच फार बरं वाटलं होतं गो. माझं नाव कुठे लिहिलेलं मी त्याआधी लग्नाच्या पत्रिकेतच पाहिलं होतं.

पण त्या दिवसापासून मला गावाबाहेर पाऊल टाकता येईना. आठवडी बाजाराला निघाले तरी सासूबाई विचारायच्या, "आन मागं कुणाला लागलं तं?" सरळगावला भावाच्या हळदीला गेले, तर तोंडाची हळद वाळायच्या आत बोलावणं आलं. गावातल्या देवजीकाकांचा अंगठा कापला होता. मी पोचले तेव्हा ते ओटीवर बसून चहा पीत होते. अंगठ्याला चुना लावला होता. मला बघून म्हणाले, "तू हाय म्हंजी बरं वाटतं." लग्न माझ्याशिवाय लागलं. आईला गुडघ्यांमुळे उठवत नाही. ती फोनवर एवढंच म्हणते, "तू तिकडं लोकांच्या कामाला हायस, मी काय बोलणार?"

शिकवून बघितलं, मनू. दुपारी बायकांना ओटीवर बोलवायचे. "रक्त बघवत नाय गो," म्हणून त्या उठायच्या. पुरुष म्हणायचे, "तू हायस ना, मंग आमी कशाला?" मी शिकले म्हणून गाव शिकायचं थांबलं. शेखरला सांगितलं तर तो हसला, "लोकं मान देतात, त्याचाही तुला त्रास?" मी पट्टा पिशवीत घालून परत खुंटीला लावला.

आता मागच्या आठवड्यातलं सांगते. भाताच्या रोपांची जमीन भाजायला राब लागतो, त्यासाठी फांद्या तोडायला आम्ही माळावर गेलो होतो. मी, सासूबाई आणि ठाकरवाडीतली सावळी. सावळी आमच्याकडे मजुरीला येते. तू शिकवलंस तेव्हा वाडीतल्या कुणाला बोलावलंच नव्हतं, कारण ते देवळासमोर होतं. ऐनाची फांदी डाव्या हाताने वाकवून मी कोयता मारला, तो घसरला आणि कोपराच्या खाली आत गेला. आधी दुखलं नाही. मग रक्त उडून पानांवर पडलं.

सासूबाईंनी ते बघितलं आणि डोक्यावरचा पदर पडला तरी तशाच गावाकडे धावत सुटल्या. ओरडत होत्या, "शकूला बोलवा! अरं कुनीतरी शकूला बोलवा!"

मी इथे खाली बसलेली आणि त्या तिकडे मलाच हाका मारत चाललेल्या.

सावळी पळाली नाही. भारा टाकून माझ्यासमोर बसली, "काय करू, सांग." मी सांगितलं. तिने लुगड्याचा पदर फाडला. "आत कोंब," म्हटलं, कोंबला. "दोनी हात ठेव, अंगाचा भार टाक." तिने टाकला. मी किंचाळले तशी ती दचकली, पण हात ढिला केला नाही. "उचलून बघू नको," म्हटलं तर म्हणाली, "नाय बघत. तू बोलत रा." मी बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. सावळी सांगते, मी आईला हाक मारत होते.

मग पिशवी घेऊन माणसं आली. पट्टा उलटासुलटा करून बघत होती. कुणीतरी जखमेवरच बांधायला निघालं. मी डोळे मिटून सांगत होते, वर, अजून वर, आता दांडी पिळ. पिळली ती सावळीनेच. शहापूरला नस शिवली. बोटं हलतात. काळजी करू नको.

घरी आले त्याच संध्याकाळी फोन वाजला. शेजारच्या पाड्यावर कुणी विळ्याने पाय कापून घेतला होता. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "तिला बरं नाय, पन ती येल. बसून सांगंल." मी अंथरुणावर पडून ऐकत होते. सावळी आता रोज दुपारी येते आणि म्हणते, "पट्टा परत दाखव." सासूबाई तिला पायरीच्या वर येऊ देत नाहीत, म्हणून मी पायरीवर जाऊन बसते. तिचा हात माझ्यापेक्षा जड आहे. चांगला आहे.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते. माळावर रक्त जात होतं, सासूबाई ओरडत चालल्या होत्या, तेव्हा क्षणभर मला हलकं वाटलं. वाटलं, आज मला कुणी न्यायला येणार नाही. आज मी सुटले. मनू, मला तेव्हा मरणाची भीती वाटली नाही, आणि त्याचीच आता भीती वाटते. म्हणून हे लिहिलं. तू परत ये. येत्या रविवारी ये, पट्टे जास्त आण, आणि या खेपेला देवळासमोर नको, शाळेच्या पटांगणात घे. तिथे वाडीतली माणसंही येतील. सावळी सगळ्यांना गोळा करणार आहे. मी मात्र तिथे नसेन. सकाळच्या एस.टी.ने मी किन्हवलीवरून सरळगावला आईकडे जाणार आहे, फोन घरी ठेवून. घरात अजून कुणाला बोललेले नाही. मी समोर असले तर सगळे माझ्याकडेच बघतील आणि कुणीच हात पुढे करणार नाही. माझ्या सासूबाईंना मात्र पहिल्या रांगेत बसव, आणि रबराच्या मांडीवर पहिला भार त्यांनाच टाकायला लाव.

पट्टी बांधलेल्या हाताखाली कागद दाबून लिहिणारी, तुझीच,
शकू