मलाही तेच

सर, काल तुमच्या घरी दूध करपलं. काकू पुण्याला मुलीकडे कायमच्या राहायला निघाल्यात, सॉल्ट लेकचा फ्लॅट रिकामा करायचाय, म्हणून मी मदतीला गेले होते. आम्ही दोघी आतल्या खोलीत तुमची पुस्तकं खोक्यांत भरत होतो. वास आधी मला आला. धावत जाऊन गॅस बंद केला. मागून काकू आल्या, पातेल्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई तू होतीस. इतकी वर्षं एका नाकावर घर चालवलं मी, आता तेही थकलं." एका नाकावर म्हणजे, मी विचारलं. "म्हणजे काय? ह्यांना कुठे वास यायचा! त्या तापानंतर गेला तो गेलाच. एकदा गॅसची नळी सुटली होती, आणि हे शेगडीशेजारी बसून निवांत पेपर वाचतायत." मी फडक्याने पातेलं उचललं, तशा त्याच पुढे म्हणाल्या, "तुला काय नवीन सांगायचं? तुला माहीतच होतं की. हे म्हणायचे, तिला सगळं सांगितलंय, ती सांभाळून घेते. फार केलंस गं तू त्यांच्यासाठी." माझ्या हातात ते जळकं पातेलं होतं. मी "हो" म्हटलं आणि घासायला घेतलं.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तुम्ही असतात तर काल घरी पोचल्या पोचल्या फोन करून वाट्टेल ते बोलले असते, असं लिहिणार होते. खोटं कशाला लिहू, नसते बोलले. तुमच्यासमोर माझा आवाज कधी चढलाच नाही. म्हणून आज सुट्टी घेऊन हे लिहीत बसलेय, आणि लिहितानासुद्धा "सर" आणि "तुम्ही" सुटत नाही.

मी सांगलीहून आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. आई नातेवाइकांना सांगायची की मुलगी कलकत्त्याला औषधांच्या कंपनीत लागली. बराकपूरच्या पुढे नदीकाठी आपला कारखाना, त्यात व्हिस्कीच्या नमुन्यांची ती लांबट खोली, आणि सगळ्या कारखान्यात मराठी बोलणारे आपण दोघंच. पहिल्या दिवशी तुम्ही मला व्हिस्की दिलीच नाहीत. एक संदेश दिलात, नोलेन गुडाची ती बंगाली मिठाई, आणि म्हणालात, "नाक चिमटीत धर आणि खा." मी खाल्ला. नुसता गोड, साखरेच्या खड्यासारखा. "आता सोड नाक." सोडलं आणि खजुराच्या रसाचा तो धुरकट, काळपट गूळ एकदम तोंडभर पसरला. तुम्ही खूश होऊन टेबलावर हात आपटलात. "जिभेला चारपाच गोष्टी कळतात, बाकी सगळं नाक. दारू पिणारे लाखो आहेत, आपल्याला ती वाचायचीय."

ते पहिलं वर्ष खरं होतं. काल रात्रभर हिशेब मांडून मी एवढं नक्की केलंय. तुम्ही शिकवत होतात आणि तुम्हाला येत होतं. निळे ग्लास, रंगाला भुलू नये म्हणून. वर काचेची झाकणी. सुरुवातीला मला फक्त दारूचाच वास यायचा, डोळ्यांत पाणी आणणारा, आणि मी पटकन मागे सरायचे. तुम्ही म्हणायचात, "नाक खुपसू नकोस. तोंड किंचित उघडं ठेव, ग्लास हनुवटीशी धर, वास आपणहून येऊ दे. मग थोडं पाणी घाल आणि पुन्हा ये." पाणी घातलं की खरंच वेगळंच काही उघडायचं. मी पुस्तकातले इंग्रजी शब्द पाठ करून यायचे, "व्हॅनिला, ओक, टॉफी", आणि तुम्ही चिडायचात. "तुझ्या घरी टॉफी होती का? मग कशाला सांगतेस? तुझ्या घरातले वास सांग." मला पोस्ता बाजारात नेऊन एकेका पोत्याशी उभं केलंत, लवंग, खारीक, सुंठ, जायपत्री. हळूहळू मला व्हिस्कीत भिजवलेले मनुके सापडायला लागले, आजीच्या लाकडी पेटीतली रेशमी साडी सापडली, भाजलेल्या रव्याचा वास सापडला, आणि घोट थुंकून टाकल्यावर बराच वेळाने जिभेच्या मुळाशी राहणारी सुपारी सापडली. प्रत्येक वेळी वाटायचं, हे या ग्लासात आधीपासून होतं आणि मलाच दिसत नव्हतं. इतका आनंद मला त्याआधी कशाने झाला नव्हता.

दुसऱ्या वर्षी दिवाळीत मी गावी गेले, परत आले तेव्हा तुम्ही तापातून उठला होतात. बारीक झाला होतात. त्याच आठवड्यात म्हणालात, "आता पद्धत बदलू. तू आधी बोल, मग मी." मला वाटलं, बढती मिळाली. मी नमुना घ्यायचे, मराठीत सांगायचे, तुम्ही तुमचा ग्लास नाकाशी नेऊन डोळे मिटायचात आणि म्हणायचात, "मलाही तेच." मग रजिस्टरात इंग्रजीत लिहायचात. "मलाही तेच" ऐकलं की माझा दिवस सोन्याचा व्हायचा. तुमच्या नाकाला आणि माझ्या नाकाला एकच दिसतंय! शेजारच्या टेबलावरचे दादा हसून विचारायचे, "एतो की बोलो तोमरा?" एवढं काय बोलता तुम्ही दोघं, म्हणून. कुणाला काय कळणार? खोलीत सहा माणसं होती आणि आधी कोण बोललं, काय बोललं, हे आपल्या दोघांशिवाय कुणालाच समजत नव्हतं. घरातले वास आपल्या भाषेत सांगायचे, हे मी इतकी वर्षं तुमचं सगळ्यात मोठं शिकवणं मानलं. आजही नव्या मुलींना मी तेच शिकवते. आणि तेच तुमचं लपायचं ठिकाण होतं.

आता एकेक दिवस आठवतो आणि मी स्वतःला मूर्ख म्हणून घेते. विश्वकर्मा पूजेचा दिवस. यंत्रांना हार घातलेत, गच्चीवर पतंग उडतायत, आणि कुणीतरी धुनो पेटवलाय, नारळाच्या शेंड्या आणि राळ, सगळा कारखाना धुराने कोंदलाय. तुम्ही येता आणि म्हणता, "चल, नमुने लाव." मी म्हणते, सर, या धुरात काय कळणार? तुम्ही म्हणता, "नाकाला शिस्त हवी." मी घरी पत्र लिहून ही गोष्ट कळवली होती, बघा आमचे सर किती पोचलेले आहेत म्हणून! आणि तो बेलफुलांचा, म्हणजे आपल्या मोगऱ्याचा, गजरा. सियालदा स्टेशनवर एका बाईकडून घेतला, काढायचा विसरले, तर सगळ्यांसमोर केवढ्याने ओरडलात. "वास माळून येतेस कामाला?" मी रडले. पुढे एकदा डोकं दुखत होतं म्हणून कपाळावर बाम चोळून आले. त्या दिवशी तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. मला वाटलं, पोरीला बरं नाही म्हणून सोडून दिलं, मनाने किती चांगले आहेत. गजरा डोळ्यांना दिसतो, बाम दिसत नाही, एवढं साधं मला सुचू नये?

तुमच्या घरी जेवायला यायचे तेव्हा तुम्ही आमटीचा पहिला भुरका घेऊन सांगायचात, "आज हिंग जरा वर आलाय." आणि काकू पदराआड हसायच्या. मी मान डोलवायचे. काल काकूंनी तेही सांगितलं, मी सगळं माहीत असून मान डोलवायचे असं समजून, कौतुकाने. अमुक दिवशी हिंग जास्त म्हणायचं, हे त्या दोघांचं आधीच ठरलेलं असायचं.

आणि ते ओल्या पुठ्ठ्याचं प्रकरण. एका लॉटमध्ये मला सकाळी अकराला कसलातरी कोंदट वास आला, पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा. तुम्हाला सांगितलं. तुम्ही दोनतीनदा विचारलंत, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. "मलाही तेच." दुपारी मोठ्या बैठकीत सगळे म्हणत होते माल उत्तम आहे, पाठवून द्या. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, मला यात ओला पुठ्ठा लागतोय, मी सही करणार नाही. वर दिल्लीपर्यंत आरडाओरडा झाला. शेवटी पिंपं उघडली, तर चार पिंपांचं लाकूड आतून बुरसलेलं. त्या दिवसापासून तुमचं नाव झालं, अजूनही त्या खोलीत ती गोष्ट सांगतात. मीही सांगते. माझं नाव कुठेच नव्हतं याचं मला काहीही वाटलं नाही, कारण माझ्या लेखी तुम्हालाही तो वास आलाच होता. काल कळलं की तुम्ही नुसत्या माझ्या "नक्की"वर उभे राहिला होतात. नोकरी, नाव, सगळं एका सव्वीस वर्षांच्या मुलीच्या शब्दावर लावलंत. इतका भरवसा माझ्यावर आईवडिलांनीसुद्धा कधी ठेवला नाही, नवऱ्याचं तर सोडाच.

आणि त्यानंतर सहाच महिन्यांनी तुम्ही माझ्याबद्दलच्या अहवालात लिहिलंत की नाक तयार होतंय, पण अजून भरवशाचं नाही. एका माणसाला वर्षभर स्कॉटलंडला शिकायला पाठवणार होते. सगळे म्हणत होते, ही जाणार. तुम्ही मला खिडकीशी बोलावलंत आणि म्हणालात, "मागून कळण्यापेक्षा मीच सांगतो. तुला पाठवू नका असं मी लिहिलंय. तू अजून दोन वर्षं थांब, घाई केलीस तर नाक बिघडेल." किती सरळ माणूस, असं वाटून मी तुमच्या पाया पडले हो! आठवतंय का तुम्हाला? तुम्ही पाय मागे घेतलेत. पुढच्या आठवड्यात स्वतःचा जुना ग्लास दिलात, तरुणपणी ज्यात शिकलात तो. मी तो कुणाला हात लावू दिला नाही. काल घरी आल्यावर तो मोरीत ठेवलाय, टूथब्रश घालून. एवढाच सूड मला जमला.

स्कॉटलंडला दिल्लीच्या ऑफिसातला एक जण गेला. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा तुमच्या खुर्चीवर तोच आला आणि मी आणखी नऊ वर्षं त्याच्या हाताखाली काढली. खुर्चीचं एवढं नाही. पण "भरवशाचं नाही" हे मी मनावर घेतलं, सर. त्या खोलीची जबाबदारी आज माझ्याकडे आहे, तरी सही करायच्या आधी मी शेजारच्याला विचारते, तुलाही असंच वाटतंय ना? पंचवीस वर्षं मी माझ्या नाकाला आलेलं प्रत्येक दुसऱ्याकडून तपासून घेतलं. आणि हे मला शिकवणारा माणूस स्वतः फक्त याच नाकावर जगत होता. याला काय म्हणतात, तुम्हीच सांगा. माझ्याकडे फसवणूक हा एकच शब्द आहे.

तुमची कीव येत नाही असं नाही. ज्याने मला नाक सोडून संदेशातला गूळ दाखवला, त्याला पुढे आयुष्यभर नाक चिमटीत धरल्यासारखं जगावं लागलं. काकू म्हणाल्या, शेवटी शेवटी तुम्ही सकाळी चहाचा कप नाकाशी धरून खूप वेळ बसायचात आणि मग तसाच खाली ठेवायचात. ते ऐकताना मला रडू आलं. रडत असतानाही मी चिडलेलीच होते.

पुढच्या सोमवारी त्या खोलीत तुमचा फोटो लावणार आहेत. चार शब्द बोलायला मला सांगितलंय. काय बोलायचं ते मी ठरवलेलं नाही, आणि खरं बोलेन अशी मला स्वतःची खात्री नाही. हा कागद तर कुणाला दाखवायचाच नाहीये, काकूंना तर नाहीच. फाडून टाकेन किंवा राहील कुठेतरी.

पण एक गोष्ट लिहायची राहिली, ती टाळत टाळत इथपर्यंत आले. तुम्ही मला विचारलं असतंत ना, की माझं नाक गेलंय, तू माझ्यासाठी वास घेशील का, कुणाला सांगू नकोस, स्कॉटलंडला जाऊ नकोस, तर मी हो म्हटलं असतं. विचार करायलाही वेळ घेतला नसता. उपकार म्हणून किंवा गुरुदक्षिणा म्हणून नव्हे. हे विचारण्यासाठी तुम्हाला आधी माझ्या तोंडावर कबूल करावं लागलं असतं की माझं नाक भरवशाचं आहे. तेवढं एकदा ऐकायला मिळालं असतं, तर बाकीचं सगळं मी तुम्हाला देऊन टाकलं असतं.