नकोचं कारण लिहिणं सक्तीचं

१ जुलै, सकाळी १०.४०, अमरावती ऑफिस
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे.
चंद्रभान सरांचा अकोल्याहून फोन. आपलं जिनिंग फॅक्टरीचं सॉफ्टवेअर एका मोठ्या रेपोत, म्हणजे कोड ठेवायच्या कोठारात आहे आणि त्याच्या पोटात एकतीस छोटे रेपो. वजनकाट्याचा वेगळा, पावतीचा वेगळा, गाठींचा वेगळा. एक हवा असला तरी एकतीसच्या एकतीस लॅपटॉपवर उतरवावे लागतात. अकोल्यात सत्यवती नावाची नवीन मुलगी लागली. तिने काल दहाला सुरू केलं ते चारच्या चहाला संपलं. सर म्हणाले, रेपोंचे ग्रुप करायची सेटिंग बनवा, म्हणजे ज्याला जे लागतं तेवढंच उतरेल. चौदा तारखेला अकोल्यात जठारपेठच्या ऑफिसात दाखवायचं. ज्याचं डिझाइन घेऊ तो टीम लीड.
संकल्प : तीनपेक्षा जास्त ऑप्शन नाहीत. चिडायचं नाही. गिला वडा बंद.

दुपारी १
"ज्याचं" म्हणजे काय ते आत्ता कळलं. पौर्णिमालाही सांगितलंय. अकोल्याची. पावतीचा रेपो सांभाळते. माझ्याहून चार वर्षांनी लहान.
चिडलो नाही. गिला वडा खाल्ला, कारण तो आधीच मागवलेला होता.

२ जुलै
रश्मीला काम समजावून सांगितलं. बायकोला समजलं तर जगाला समजेल. म्हटलं, समज, कपाटात एकतीस डबे आहेत आणि नुसतं तिखट हवं असलं तरी सगळे खाली काढावे लागतात. भाजी हलवता हलवता म्हणाली, "मंग डब्यायवर चिठ्ठ्या लावा ना. त्यात काय एवढं?"
हिला सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही.

४ जुलै
ऑप्शन अकरा झाले. तीनचा संकल्प नवशिक्यांसाठी असतो.
पौर्णिमाचा फोन. म्हणे एक रेपो दोन ग्रुपमध्ये असला तर? म्हटलं, असूच शकत नाही. म्हणाली, "काहून नाई असू शकत दादा? वजनकाटा अमरावतीले लागते अन् अकोल्यालेबी लागते."
दादा! मी छत्तीसचा आहे. शेखर सर म्हणायला काय होतं?
फोन ठेवला. बारावा ऑप्शन वाढवला. सुचला मलाच होता.

५ जुलै
पुन्हा तीच. एका ग्रुपने "घे" म्हटलं आणि दुसऱ्याने "नको" म्हटलं तर कुणाचं ऐकायचं? तिचं मत, नाव घेऊन मागितलं असेल तर "घे"चं. मी तिथल्या तिथे ठरवलं, "नको" जिंकणार. आमच्या घरी बाबा नको म्हणाले की विषय संपायचा. डिझाइनला शिस्त लागते.
ती म्हणाली, "पाहा बा, फसान तुमी. माझ्या पावतीवर बाकीचे सारे रेपो टेकून हायत. ते एक नाई आली तं काईच चालत नाई."
स्वतःच्या रेपोचा किती तो अभिमान. राग आला. खरं सांगतो, फार राग आला.

८ जुलै
ऑप्शन तेवीस. तेविसावा फारच सुंदर आहे. एखादा रेपो "नको" असला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आपोआप "नको". अर्धवट संसार कुणाकडे उतरायला नको.
चोविसावा त्याहून सुंदर. प्रत्येक "नको"चं कारण लिहिणं सक्तीचं, आणि ते उतरवणाऱ्याच्या स्क्रीनवर दिसणार. लोकांना पारदर्शकपणा हवा असतो. मी देतो.

१० जुलै
डिझाइनचं डॉक्युमेंट पूर्ण. बावीस पानं. त्याला स्वतंत्र रेपो दिला, बत्तिसावा. मान राहिला पाहिजे. सगळ्यांना मेल केला. कुणाचंही उत्तर नाही, म्हणजे सगळ्यांना पटलंय.
पौर्णिमानेही तिचं पाठवलं. चार ओळी! प्रत्येक रेपोसमोर ग्रुपची नावं लिहायची, आणि आपल्याला कोणता ग्रुप हवा ते सांगायचं. बस. याला डिझाइन म्हणतात का? सरांचा वेळ घालवायची हिंमत होतेच कशी?

१२ जुलै, शनिवार
ऑप्शन एकतीस. जितके रेपो तितके ऑप्शन, हे आपोआप जुळून आलं. शुभ आहे.
डेमोत "नको" दाखवायला एक उदाहरण हवं होतं. पावतीचा रेपो घेतला. यात वैयक्तिक काही नाही, कुठला तरी घ्यायचाच होता. कारणाची जागा रिकामी सोडता येत नाही (माझाच नियम), म्हणून मनात आलं ते लिहिलं. सोमवारी निघायच्या आधी बदलतो.
माझ्या मशीनवर चालवून पाहिलं. सगळं व्यवस्थित. एकतीसच्या एकतीस रेपो जागेवर. ते आधीपासूनच होते म्हणा.

१४ जुलै, सकाळी ७.१५, अकोल्याची बस
शेजारच्या सीटवर पुंजाजी नावाचे गृहस्थ. अकोल्याचं तिकीट. त्यांच्यापुढे भाषणाची तालीम केली. सतराव्या ऑप्शनला मूर्तिजापूर आलं आणि ते उतरले. काहीतरी काम आठवलं असणार.
रश्मीला सांगून आलोय, येताना पेढे आणतो.

दुपारी ३.३०, बसस्टँड
लिहू की नको असं झालंय. लिहितो.
सत्यवतीने कोरा लॅपटॉप आणला. मोठ्या टीव्हीला जोडला. मी म्हटलं, अकोला ग्रुप मागा. चार सेकंदांत संपलं. मी म्हणालो, बघा स्पीड! सर म्हणाले, "स्पीड बराबर आहे, पण सॉफ्टवेअर कुठी हाय?"
अकोला ग्रुपने पावती "घे" म्हटलं होतं. माझ्या शनिवारच्या उदाहरणाने "नको" म्हटलं. नको जिंकलं. मग तेविसाव्याने पावतीवर टेकलेले उरलेले तीसही नको केले. उतरलं ते एकच, माझं बावीस पानी डॉक्युमेंट. ते कशावरच अवलंबून नाही.
आणि चोविसाव्याने कारण दाखवलं. एकतीस वेळा. टीव्हीवर. मराठीत.
"नको. कारण : पौर्णिमाचा तोरा उतरावा."
सर रिमोट शोधत होते. सापडत नव्हता. सत्यवतीने तोंडावर ओढणी धरली. पौर्णिमाने एकतिसाव्या ओळीपर्यंत शांतपणे वाचलं आणि म्हणाली, "दादा, तोरा ऱ्हाऊ द्या. पण पावती नाई आली तं काईच चालत नाई, हे मी पाच तारखेलेच सांगतलं होतं तुमाले."
मग तिच्या चार ओळी चालवल्या. चहा आला तोवर लागतील तेवढे नऊ रेपो उतरलेले. चहा गरम होता.
तोपर्यंत अख्खं ऑफिस गोळा झालं होतं. पेढे सरांनी मागवले. मलाही दिला. घेतला.

१५ जुलै
टीम लीड पौर्णिमा. सत्याचा जमाना राहिला नाही. इंटरनेट चांगलं असतं तर निकाल वेगळा लागला असता.
रश्मीने विचारलं, काय झालं? म्हटलं, चिठ्ठ्या लावल्या. म्हणाली, "मंग! मी काय म्हटलं होतं?"
जेवलो नाही. नंतर जेवलो.

१८ जुलै
तिने माझा एक ऑप्शन ठेवलाय! चोविसावा. मेलमध्ये लिहिलंय, कारणाची कल्पना चांगली आहे, दादांची आहे. म्हणजे मुळात डिझाइन माझंच.
फाईल उघडून पाहिली. सगळ्या यादीत "नको" एकच, माझ्या डॉक्युमेंटसमोर. "नको. कारण : कोणी मागितलं तर मिळेल." पुढे तिने मागणाऱ्यांचा आकडा दिसायची सोय केलीय. तिथे शून्य.
वाईट वाटलं.

२५ जुलै
आकडा दोन झाला. लोक वळताहेत. हळूहळू कळतं लोकांना. दुसरी आवृत्ती काढावी, पंचेचाळीस ऑप्शनची.

सायंकाळी ५.५०
आकड्यावर क्लिक केलं की नावं दिसतात, हे आज कळलं.
शेखर, ऑफिसचा लॅपटॉप.
शेखर, घरचा लॅपटॉप.