शहाकाकांचा खांदा

जोगेश्वरी पूर्व
शनिवार, १४ फेब्रुवारी

प्रिय रेवती,

आजची तारीख बघून पत्र फाडू नकोस. गुलाबाचं पत्र नाही हे. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून कागद घेतला. चैतन्यच्या हाती देतोय. तुमच्या बॅचमध्ये माझ्याशी अजून बोलणारा तो एकटाच.

घरी सगळे बरे ना? मम्मीचा गुडघा? आमच्याकडे ठीक. म्हणजे ठीक कसलं, बाबा अजून तुमच्याच हॉस्पिटलात आहेत.

सोमवारी तू त्यांना तपासायला आलीस तेव्हा मी मुद्दाम कॅन्टीनला जाऊन बसलो. बाबांनी नंतर सांगितलं, "पोरगी बरी आसा. हात असो धरल्यान, जसो काय काचेचो." लकव्याने त्यांचा डावा खांदा उतरलाय, हे तुला हात लावताच कळलं. मग तू वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर लिहिलंस: डावा हात धरून उठवू नका.

मंगळवारी सकाळी वॉर्डबॉय लवूने त्यांना त्याच हाताने ओढून उठवलं. बाबा ओरडले ते जिन्यापर्यंत ऐकू आलं. मी लवूची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. तो एवढंच म्हणत होता, "दादा, सिस्टरकडे काही लिहून नव्हतं आलं, आईशप्पथ."

खरंच नव्हतं आलं, रेवती.

काल चैतन्य भेटला. "यार, शहाकाकांच्या फाइलमध्ये कोणीतरी खांद्याचं लिहिलंय," असं हसत सांगता सांगता त्याला बाबांचा खांदा आठवला. शहाकाका! आपल्या कॉलेजच्या सरावाच्या रेकॉर्डमधले डमी पेशंट, डावी बाजू गेलेले. दर सोमवारी त्यांना नव्याने लकवा होतो, कारण रविवारी रात्री कॉलेज त्यांची फाइल पुसतं. त्यांच्यावरूनच मी सरांसमोर कीबोर्ड आपटला होता, खोट्या माणसांना बरं करायला आलो नाही म्हणून. आणि जिन्यात तू मला झापलंस, "खोट्यावर चुकलं तर कुणाचं काही जात नाही, म्हणून खोटा दिलाय. अक्कल आहे का तुला?" त्यानंतर मी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही.

वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर खरं आणि सरावाचं दोन्ही रेकॉर्ड उघडतं, स्क्रीन सारख्याच. डमीच्या फाइलच्या डोक्यावर पिवळी पट्टी, एवढाच फरक. वर्षभर त्या पट्टीखाली लिहायची सवय, वॉर्डातही तुझा हात तिकडेच गेला असणार. माझाही गेला असता. त्याचा राग नाही मला.

राग गुरुवारचा आहे. सोमवारी खांदा कसा होता, असं सरांनी विचारलं, तेव्हा तू म्हणे म्हणालीस, "रेकॉर्डमध्ये काही नाही सर, म्हणजे ठीकच असणार." असणार? तू हात लावला होतास ना गं! आता सगळे म्हणतायत, धडधाकट खांदा लवूने निखळवला. सोमवारी अकराला त्याला बोलावलंय, काढून टाकणार. बाबा माझ्याशी धड बोलत नाहीत. "लवूक कित्याक मारलंस? तो एकटोच माका काका म्हणान हाक मारता."

कुठे चुकलं ते तुला कळलंय. चैतन्य सांगत होता, काल लॅबमध्ये तू ती फाइल उघडून बसली होतीस, डबाही खाल्ला नाहीस. एकच सांग, तू रविवार रात्रीची वाट तर बघत नाहीयेस ना?

चैतन्यने स्क्रीनचा फोटो पाठवला होता. मी तो उडवला, त्यालाही उडवायला लावला. मूर्खपणा, माहीत आहे. पण तुला पकडून देणं मला जमत नाही. का जमत नाही, हे तुला पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

सोमवारी मी जाणार. सगळ्यांसमोर लवूची माफी मागणार, आणि त्याच्यापर्यंत सूचना आलीच नव्हती हेही सांगणार. सर विचारतील, मग लिहिली कुठे? तिथे मी खोटं बोलणार नाही. पण कॉलेज सोडून पळालेल्या मुलाचं कोण ऐकणार? लवूची नोकरी माझ्या बोलण्याने वाचत नाही, तुझ्याच वाचते.

तू बोललीस तर कदाचित तुझी एक टर्म जाईल. नाही बोललीस तर पास होशील, आणि मला परत तुझ्याकडे बघता येणार नाही. तेवढं नको करूस. ब्लॉक राहू दे, शिव्या दे, काहीही चालेल.

उत्तर लिहू नकोस. ये.

सोमवारी अकरापर्यंत तरी तुझाच,
हर्षद